गोठ्यातला डार्विन

आगमन काळाचा पहिला रविवार उजाडला की वसईतल्या कुठल्याही धर्मग्रामात चर्चच्या दर्शनी भिंतीला शिडी लागते आणि शिडीभोवती दोन प्रकारची माणसं जमतात. काही शिडीवर चढणारी आणि बाकीची, चढलेल्याला ‘बेथलेहेमचा तारा म्हणजे नेमकं काय होतं’ हे खालून समजावून सांगणारी. पहिल्या प्रकारची माणसं दर वर्षी कमी होत चालली आहेत, दुसऱ्या प्रकारची वाढत चालली आहेत. “पाच टोकांचा तारा कशाला? तो धूमकेतू होता, शेपटी लावा,” असं एक निवृत्त सर सुचवतात. “धूमकेतू नव्हे सर, गुरू आणि शनीची युती,” असं नुकताच इंजिनिअर झालेला तरुण त्यांना सुधारतो. “मग दोन बल्ब लावू का?” असं वर लोंबकळणारा विचारतो. एवढ्यात गोठ्यासाठी पेंढा घेऊन आलेल्या एखाद्या मावशी म्हणतात, “अरे, आधी मेन स्विच बंद आहे का बघा.” त्या तासाभरात उच्चारलं गेलेलं निर्विवाद शास्त्रीय विधान तेवढंच असतं आणि त्याकडे नेमकं कुणाचंच लक्ष नसतं. आता विज्ञान आणि श्रद्धा यांच्या भांडणावर लिहिणारी आम्हा लेखकांची जात अशा वेळी शिडी धरण्याच्याही कामाची नसते. त्यामुळे ती घरी बसून ‘विज्ञान की श्रद्धा?’ असे लेख लिहिते. या लेखांत एका बाजूला दुर्बीण असते, दुसऱ्या बाजूला क्रूस असतो आणि मधे लेखक न्यायाधीशाच्या थाटात बसलेला असतो. प्रत्यक्ष धर्मग्रामात हा खटला कुणी दाखलच केलेला नसतो. तिथे विज्ञान आणि श्रद्धा एकाच एक्स्टेंशन बोर्डावर सुखाने नांदतात. ठिणग्या उडतात त्या दोघांच्या नावाखाली आपलंच घोडं पुढे दामटणाऱ्यांच्या. माझं म्हणणं एवढंच आहे. आता पुरावे.

ताऱ्यापासूनच सुरुवात करू, कारण डिसेंबरमध्ये साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सगळ्यात जास्त वेळा त्यालाच उभं करतात. मत्तयच्या शुभवर्तमानात या ताऱ्याचं वर्णन जेमतेम चार वाक्यांत आटोपलेलं आहे, पण त्यावर झालेली गणितं मोजायला गणितज्ञच बसवावा लागेल. योहान्नेस केप्लरने १६०३च्या डिसेंबरात गुरू आणि शनी जवळ आलेले पाहिले, पुढच्या वर्षी आकाशात एक नवा तारा उजळलेला पाहिला आणि मागे मागे हिशेब करत तो इसवी सनापूर्वी सातव्या वर्षापर्यंत गेला. त्या वर्षी हे दोन ग्रह मीन राशीत एकदा सोडून तीनदा एकमेकांजवळ आले होते. गणित चोख होतं, पण त्या ‘जवळ’मध्येही साधारण एक अंशाचं, म्हणजे पूर्ण चंद्राच्या दुप्पट रुंदीचं अंतर होतं. एवढ्या अंतरावरच्या दोन ग्रहांना एक तारा समजणारे ज्ञानी लोक पूर्वेकडून निघाले असतील तर ते बेथलेहेमला न पोहोचता भलतीकडेच पोहोचले असते. २१ डिसेंबर २०२० रोजी हेच दोन ग्रह अंशाच्या दहाव्या हिश्शाइतके जवळ आले. टाळेबंदीने कंटाळलेली माणसं गच्चीवर गेली आणि वर्तमानपत्रांनी त्या युतीला सरळ ‘नाताळचा तारा’ म्हणून टाकलं. पण गुरू-शनी दर वीसेक वर्षांनी भेटतातच, पुढची भेट २०४०मध्ये आहे. प्रत्येक भेटीला राजा जन्मत असेल तर त्या ज्ञानी लोकांनी उंटांवरचं सामान कधी उतरवलंच नसतं.

धूमकेतूवाल्यांची बाजूही अगदीच लंगडी नाही. त्यांच्याकडे चित्र आहे. १३०१मध्ये हॅलेचा धूमकेतू येऊन गेला आणि त्यानंतर काही वर्षांतच पादुआच्या एका चॅपलमध्ये जोत्तोने ज्ञानी लोक बाळाला वंदन करतात त्या देखाव्यावर तारा म्हणून चक्क शेपटीवाला धूमकेतू रंगवला. पुढे १९८५मध्ये युरोपने हॅलेच्या भेटीला जे यान पाठवलं त्याला याच जोत्तोचं नाव दिलं. म्हणजे विज्ञानाने श्रद्धेचं देणं व्याजासकट फेडलं, असं म्हणायला हरकत नाही. पण हाच धूमकेतू ख्रिस्तजन्माच्या हिशेबात बसवायला जावं तर तो इसवी सनापूर्वी १२व्या वर्षी आलेला आणि त्या काळी धूमकेतू दिसला की लोक भेटवस्तू बांधायला घेत नसत, संकट येणार म्हणून धास्तावत. या सगळ्यावर कडी म्हणजे मत्तयचा तारा पुढे पुढे चालतो आणि बाळ होतं त्या ठिकाणावर येऊन थांबतो. आकाशातली कुठलीही वस्तू पृथ्वीच्या फिरण्यामुळे तासाला पंधरा अंश सरकताना दिसते, तिला विशिष्ट घराच्या कौलांवर थांबवायचं तर वायरमनच लागेल. ही अडचण दाखवली की युतीवाले आणि धूमकेतूवाले एका सुरात म्हणतात, “ते वर्णन शब्दशः घ्यायचं नसतं.” मग बाकीचं शब्दशः का घ्यायचं, हे त्यांना विचारू नये, नाताळ आनंदात जावा अशी इच्छा असेल तर. खरं तर त्याच मजकुरात या ज्ञानी लोकांचं सगळ्यात माणसासारखं कृत्य लिहिलेलं आहे. डोक्यावर तारा असताना त्यांनी यरुशलेमला थांबून पत्ता विचारला. बेथलेहेम तिथून आठ-नऊ किलोमीटरवर. देवाने दिलेली खूण पाहून निघालेला माणूसही शेवटच्या वळणावर रिक्षावाल्याला विचारतोच, हे धर्मग्रामातल्या कुणालाही पटेल. तारा खरा होता की नव्हता, हा प्रश्न त्यापुढे मला जरा दुय्यम वाटतो.

तारखेचंही असंच. पंचवीस डिसेंबर बायबलमध्ये नाही, आणि हे दर वर्षी कुणीतरी नव्याने शोधून काढतो व पत्नी नेवऱ्या तळत असताना तिला सांगायला जातो. “मग तळू की नको?” असं ती विचारते आणि संशोधन तिथेच थांबतं. वर्षाचीही गंमत आहे. सहाव्या शतकात डायोनिसियस एक्झिग्युअस नावाच्या मठवासीयाने ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजायची पद्धत बसवली, पण हिशेब थोडा चुकला. बहुतेक इतिहासकारांच्या मते हेरोद राजा इसवी सनापूर्वी चौथ्या वर्षी वारला आणि बाळाचा जन्म तर त्याच्या हयातीतला. थोडक्यात, ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व काळात झाला. या वाक्याने श्रद्धेला तडा जावा अशी पुष्कळांची अपेक्षा असते. पण ज्या समाजात आजोबांची जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी प्रवेशाच्या सोयीने एक जून लावलेली आहे, तो समाज अशा वाक्याने हलत नाही. आजोबा होते, याबद्दल त्याला शंका नसते.

शिवाय चर्चने तारखांचं काम ज्योतिर्विदांकडे सोपवलं, ते आज-काल नव्हे. ईस्टरचा रविवार वसंतसंपात आणि पौर्णिमा यांवरून ठरतो. जुन्या दिनदर्शिकेत संपात दर सव्वाशेएक वर्षांनी एकेका दिवसाने मागे घसरत गेला, आणि सण चुकीच्या दिवशी साजरा होणं म्हणजे रोम शहरापासून वसई किल्ल्यापर्यंत सगळीच पंचाईत. मग पोप तेरावे ग्रेगरी यांनी लिलियस नावाच्या वैद्याची योजना आणि क्लॅव्हियस नावाच्या येशूसंघीय गणितज्ञाचं पाठबळ घेऊन १५८२मध्ये दहा दिवस सरळ कापून टाकले. चार ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी पंधरा ऑक्टोबर उगवला. आविलाची संत तेरेसा नेमकी त्या चार तारखेच्या रात्री वारली, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी झालेलं तिचं दफन पंधरा तारखेचं ठरलं. अंत्यविधीला एवढा उशीर केला म्हणून नातेवाइकांना बोल लावायची सोय त्या एका रात्रीपुरती विज्ञानाने काढून घेतली. पुढे हे संपाताचं मोजमाप अचूक व्हावं म्हणून बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चमध्ये १६५५ साली कासिनीने छतात मुद्दाम भोक पाडून घेतलं आणि त्यातून येणारं उन्हाचं टिपूस जमिनीवरच्या सुमारे ६७ मीटर लांब रेषेवर रोज कुठे पडतं ते टिपलं. आपल्याकडे चर्चच्या छताला भोक पडलं तर त्यासाठी रॅफल काढावी लागते. तिकडे विज्ञानासाठी छताला भोक पाडायला धर्मपीठ तयार झालं, हे पाहून आपल्या छत-दुरुस्ती समितीच्या सभासदांना अस्वस्थ वाटेल, पण मला हा पुरावा महत्त्वाचा वाटतो.

आता गोठा. नाताळच्या गोठ्यावरून होतं तितकं काटेकोर भांडण तर विद्यापीठातही होत नसेल. १२२३मध्ये ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने पेंढा, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तेव्हापासून बैल आणि गाढव गोठ्याचे कायम सभासद आहेत. पण लूकच्या मजकुरात गव्हाणी आहे, जनावरं नाहीत. २०१२मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी येशूच्या बालपणावरच्या पुस्तकात हे साधं निरीक्षण नोंदवलं आणि पुढच्याच ओघात, गोठ्यातून त्यांना कुणी हाकलणार नाही असंही लिहिलं. वर्तमानपत्रांनी पहिलं वाक्य छापलं, दुसरं नाही. झालं, जगभर गाढवाच्या नोकरीची चिंता सुरू झाली. इकडे आपल्या गोठ्यात मात्र बैल-गाढवाबरोबर जिराफ, प्लास्टिकचा डायनॉसोर आणि शेजारच्या मुलाची लाल फरारी हेही बाळाच्या दर्शनाला आलेले असतात आणि त्यावर शास्त्राधार कुणी मागत नाही. मागितला जातो तो बर्फाचा. “बेथलेहेमला बर्फ पडतं का?” असं इंजिनिअर विचारतो. पडतं, कधी कधी. ते गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून जास्त उंचीवर आहे. “मग कापूस टाका,” असं सर म्हणतात. आणि २०१८च्या बंदीनंतर माळ्यावर दडवलेलं थर्माकोल ‘हे जुनंच आहे’ या सबबीखाली पुन्हा बाहेर येतं. बाहेर अंगातून घामाच्या धारा निघत असतात, खाली मेंढपाळ बर्फात उभे असतात, आणि पर्यावरणावरची प्रार्थना त्याच आठवड्यात म्हणायची असते.

या गोठ्यातली खरी प्रयोगशाळा मात्र एका कोपऱ्यात, अॅल्युमिनियमच्या ताटलीत असते. नाताळाच्या दोनेक आठवडे आधी कित्येक घरांत नाचणी किंवा गहू पेरून त्याचं हिरवंगार कुरण तयार करतात. काही घरांत ही ताटली पलंगाखाली ठेवलेली असते, का तर कोंबड्यांनी दाणे टिपू नयेत. चोवीस तारखेला बाहेर काढली की कोंब उंच, लुळे आणि पिवळे निघतात. “कुणाची तरी दृष्ट लागली,” असं मावशींचं निदान असतं. प्रकाश नसला की रोपात हरितद्रव्य तयार होत नाही आणि ते उजेडाच्या शोधात नुसतं लांबत जातं, हे विज्ञानाचं निदान. दोन्ही निदानांवर उपाय एकच, ताटली खिडकीत ठेवणे. खिडकीत ठेवली की कोंब दोन दिवसांत हिरवे होतात आणि सगळे एका बाजूला, उजेडाकडे वाकतात. नेमक्या याच वाकण्यावर चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी प्रयोग केले होते. गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांना त्यांनी टोप्या घातल्या आणि उजेड ओळखतं ते टोक, वाकतो तो खालचा भाग, हे १८८०च्या ग्रंथात मांडलं. नाचणी त्याच गवताच्या कुळातली. तेव्हा ज्या डार्विनचं नाव काढलं की प्रार्थना गटात अजूनही कुणीतरी खुर्ची मागे सरकवतं, तो दर नाताळात बाळाच्या पायाशी हिरव्या गवतातून हजर असतोच, आणि मावशींनी त्याला आपल्या हाताने पाणी घातलेलं असतं. बरं, हा गृहस्थ केम्ब्रिजला गेला होता तो धर्मोपदेशक होण्यासाठी आणि पुरला गेला वेस्टमिन्स्टर अॅबीत. एवढं करूनही गोठ्यात त्याला जागा नाकारणं हे जरा आतिथ्यशून्यच ठरेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो ठरलेलाच. “गॅलिलिओचं काय?” हा प्रश्न इतका बरोबर आहे की त्याला बगल देणं लबाडी होईल. १६३३मध्ये चर्चने त्याला दोषी ठरवलं, उरलेलं आयुष्य नजरकैदेत काढायला लावलं, आणि चर्च चुकलं. चूक झाली हे मान्य करायची तयारी म्हणून १९८१मध्ये समिती नेमली गेली, ती १९९२मध्ये आटोपली. अकरा वर्षं! समिती या प्राण्याचा स्वभाव व्हॅटिकनमध्येही वसईसारखाच असतो, हे वाचून धर्मग्रामाच्या अर्थसमितीला दिलासा मिळावा. पण हा खटला नुसता दुर्बीण विरुद्ध बायबल असा वाचला तर त्यातली माणसं निसटतात. गॅलिलिओने दुर्बिणीतून जे पाहिलं ते रोमच्या येशूसंघीय गणितज्ञांनी १६११मध्ये स्वतः पाहून खरं असल्याचं सांगितलं होतं. पुढे पोप आठवे अर्बन यांचा लाडका युक्तिवाद गॅलिलिओने पुस्तकात सिंप्लिचियो नावाच्या भोळ्या पात्राच्या तोंडी घातला आणि एकेकाळचा मित्र दुखावला. उलट, पृथ्वी फिरते याचा निर्णायक पुरावा म्हणून गॅलिलिओने समुद्राची भरती-ओहोटी पुढे केली, ती मात्र साफ चुकीची होती. तो पुरावा नसता दिला तरी पृथ्वी फिरतच राहिली असती, पण आपलं म्हणणं आजच्या आज सिद्ध व्हायला हवं होतं. म्हणजे सत्ता एकाच्या हाती होती आणि सत्य दुसऱ्याच्या, हे खरंच. पण भांडण पेटवायला दोघांचा अहंकारही पुरेसा कोरडा होता.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. तारे, तारखा, गाढवं ठीक, पण नाताळाच्या गाभ्यातच कुमारीपोटी जन्म आहे, त्याचं विज्ञान काय करणार? इथे विज्ञानवाद्यांपेक्षा श्रद्धेचे अतिउत्साही वकीलच मला जास्त घाबरवतात. २००६च्या नाताळाच्या तोंडावर इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या फ्लोरा नावाच्या कोमोडो ड्रॅगन मादीने नराशिवाय घातलेली अंडी जिवंत असल्याची बातमी आली. ती अजूनही डिसेंबर आला की मोबाइलवर फिरते, खाली तीन जोडलेले हात आणि ‘विज्ञानानेही मान्य केलं!’ अशी ओळ. पाठवणाऱ्याचा भाव निर्मळ असतो, पण तो काय पाठवतोय हे त्याने वाचलेलं नसतं. पालीच्या थोरल्या बहिणीला साक्षीला आणून आपण पवित्र मातेची बाजू भक्कम केली, असं वाटणं हीच मुळात धाडसाची गोष्ट. त्यातून सस्तन प्राण्यांत हा प्रकार निसर्गतः घडत नाही, कारण भ्रूणाच्या वाढीसाठी काही जनुकं बापाकडूनच चालू अवस्थेत यावी लागतात. आणि समजा घडलाच, तर आईकडे वाय गुणसूत्र नसल्याने मुलगीच व्हायची. म्हणजे हा पुरावा ग्राह्य धरला तर गोठ्यातलं बाळ बदलावं लागेल. चमत्कार मानणारा माणूस ‘हे नेहमी घडत नाही’ असंच म्हणत असतो. त्यासाठी ‘हे नेहमी घडतं’ असं सांगणारा साक्षीदार आणायचा म्हणजे आपल्याच अशिलाला तुरुंगात पाठवायचं. ज्याला मानायचं आहे त्याने मानावं, ज्याला नाही त्याने न मानावं. पालीला मधे घेऊ नये.

हे मी फार मोठ्या माणसाच्या आधाराने म्हणतोय. विश्वाची सुरुवात एका आदिकणातून झाली, ही कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. फ्रेड हॉइल या विरोधी गटातल्या शास्त्रज्ञाने १९४९मध्ये रेडिओवरच्या व्याख्यानात तिला ‘बिग बँग’ असं नाव दिलं, आणि नाव ठेवणाऱ्याचंच नाव चिकटून बसलं. १९५१मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात असा सूर लावला की विज्ञान आता उत्पत्तीच्या साक्षीलाच आलं आहे. यावर या फादरांना आनंद व्हायला हवा होता, प्रत्यक्ष पोप पाठ थोपटत होते. फादर अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत पदार्थविज्ञानाचा आहे, तो उद्या चुकला तर देवाने काय करायचं, असा त्यांच्या अस्वस्थतेचा मथितार्थ होता. त्यांनी योग्य ठिकाणी शब्द टाकला आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो सूर लावला नाही. आपल्या सिद्धांताची धर्माने केलेली जाहिरात स्वतः धर्मगुरूने थांबवली. आपल्याकडे फादरांनी वेदीवरून एखाद्याच्या केटरिंगचं नाव घेतलं तर तो वर्षभर त्याच पुण्याईवर इंदियाल विकतो.

लमेत्र अपवाद होता, असा तिसरा आक्षेप कुणी घेईल. मग मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात जाऊन ब्लॅटर हर्बेरियम पाहावं. एथेलबर्ट ब्लॅटर हा स्विस येशूसंघीय, वनस्पती गोळा करता करता त्याने आयुष्य घालवलं. त्याच परंपरेतले स्पॅनिश फादर सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. २०२५मध्ये व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकपदी नेमले गेलेले रिचर्ड डिसोझा हे गोवा प्रांताचे येशूसंघीय आहेत आणि त्यांचा अभ्यास दीर्घिकांच्या टकरींवर आहे. टकरींचा अनुभव असलेला माणूस कुठल्याही धर्मग्रामात उपयोगी पडेल, पण ते आपले दीर्घिकांवरच समाधानी आहेत. आणि ग्रेगर मेंडेल. ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत त्याने वाटाण्याची हजारो रोपं वाढवून आनुवंशिकतेचे नियम शोधले, १८६६मध्ये छापले. दोन वर्षांनी तो मठाधिपती झाला आणि संशोधन जवळजवळ संपलं. त्याला धर्मसभेने अडवलं नाही, बायबलने अडवलं नाही, प्रशासनाने अडवलं. उरलेली वर्षं मठावरच्या कराबद्दल सरकारशी पत्रव्यवहार करण्यात गेली. विज्ञानाचा शत्रू शोधायला निघालेल्यांनी तो क्रुसाखाली शोधण्याऐवजी हिशेबाच्या फायलीखाली शोधला असता तर लवकर सापडला असता. आजही विज्ञानात पदवी घेतलेले फादर नाताळात गोठ्याची पावतीपुस्तकं, पार्किंगचा वाद आणि शववाहिनीचा टायर यांतून डोकं वर काढतात तेव्हा जानेवारी उजाडलेला असतो.

चौथा आक्षेप असा की सामान्य भाविक या दोन गोष्टी एकत्र नांदवतो तो समजून नव्हे, विचारच करत नाही म्हणून. असेलही. पण तो वागताना मात्र कमालीचा नेमका वागतो. नवी स्कूटर घेतली की तो ती फादरांकडून आशीर्वादित करून घेतो आणि विमाही उतरवतो. आशीर्वादात थर्ड पार्टी धरली आहे का, असं त्याने फादरांना आजवर विचारलेलं नाही आणि विमा एजंटाकडे त्याने पापक्षमा मागितलेली नाही. फुगे करणाऱ्या मावशी पीठ झाकताना त्यावर बोटाने क्रूस काढतात, पण त्याआधी यीस्टचं पाणी फार गरम नाही ना, हे त्याच बोटाने तपासतात. गरम पाण्यात यीस्ट मरतं आणि मेलेलं यीस्ट कुठल्याही प्रार्थनेने उठत नाही, हे त्यांना पाश्चरचं नाव न ऐकताही ठाऊक असतं. पीठ फुगलं तर देवाची कृपा, नाही फुगलं तर दुकानदाराने जुनं यीस्ट दिलं. ही विभागणी तर्काला धरून नाही, मान्य. पण शास्त्रज्ञसुद्धा प्रयोग जमला तर स्वतःचं नाव लावतात आणि फसला तर उपकरणाचं, तेव्हा मावशींना एकट्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

या सगळ्याची खरी कसोटी लागते ती मध्यरात्रीच्या मिस्साला, कारण तिथे डेसिबल येतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस ही मुदत वाढवू शकतं, पण मध्यरात्री बारापर्यंतच. म्हणजे मध्यरात्रीची मिस्सा जिथून सुरू व्हायची तिथे सरकारी सवलत संपते. त्यामुळे मैदानावर मांडव घालणाऱ्या अनेक धर्मग्रामांत मध्यरात्र आता संध्याकाळीच उरकली जाते. यावर “परंपरा बुडाली” म्हणणाऱ्यांनी रोमकडे पाहावं. २००९मध्ये व्हॅटिकननेच ही मिस्सा रात्री दहावर आणली आणि २०२०च्या संचारबंदीत ती साडेसातला झाली. तारीख चालते, वर्ष चालतं, मग वेळेनेच काय घोडं मारलंय? तरीही नियोजन समितीच्या बैठकीत हा विषय निघाला की डिसेंबरभर ताऱ्याचा पुरावा मागणारा इंजिनिअर म्हणतो, “घड्याळ दहा मिनिटं मागे लावू, कुणाला कळतंय?” निवासी भागात रात्रीची मर्यादा पंचेचाळीस डेसिबलची आहे, असं सर कागद वाचून सांगतात. “पंचेचाळीसमध्ये तर माझी बायको पण बसत नाही,” असं गायनमंडळाचे प्रमुख म्हणतात. मोबाइलवर आवाज मोजणारं अॅप उघडलं जातं, ते बैठकीचाच आवाज अठ्ठ्याहत्तर दाखवतं. फादर शांतपणे विचारतात, “मग ठराव काय लिहू?” आणि सचिव लिहून घेतात की या वर्षी मध्यरात्रीची मिस्सा सायंकाळी साडेसात वाजता होईल, भाविकांनी वेळेवर यावं, शेपटीवाला तारा पुढच्या वर्षी विचारात घेतला जाईल, आणि शिडी ज्यांनी नेली आहे त्यांनी ती कृपया परत आणून ठेवावी.